वाचकांचे प्रश्न : दुर्बीण बसवलेली रायफल झिरो करताना

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांची .22 बोअरची बोल्टची (दर गोळीला हाताने खटका मागेपुढे करावा लागतो अशी) रायफल रीतसर परवाना घेऊन माझ्या नावावर झाली. माझे वय 46 असून कॉलेजात असताना एनसीसीत झाडलेल्या दहा-पंधरा गोळ्यांपलीकडे मला अनुभव नाही. चष्मा लागल्यापासून खुली साईट नीट दिसत नाही, म्हणून 3 ते 9 पट मोठे दाखवणारी दुर्बीण बसवून घेतली. मागच्या रविवारी दुपारी रेंजवर 50 मीटरवर झिरो करायला, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी जुळवायला बसलो. पहिली गोळी मध्यापासून बरीच खाली आणि डावीकडे लागली, म्हणून टरेट (दुर्बिणीवरची नेम सरकवणारी, टकटक क्लिक करत फिरणारी फिरकी) फिरवला. दुसरी वर गेली, म्हणून उलटा फिरवला. असे करता करता 40 गोळ्या संपल्या आणि शेवटची गोळी जवळजवळ पहिलीच्याच शेजारी लागली. दुर्बिणीवर ‘एक क्लिक म्हणजे पाव इंच’ असे लिहिले आहे आणि मी त्याच हिशेबाने मोजत होतो. दुर्बीण सदोष आहे का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : दुर्बीण सदोष असण्याची शक्यता अगदी थोडी आहे. आपण लिहिलेल्या हकिकतीत दोन चुका स्पष्ट दिसतात आणि त्या नव्या माणसाकडून हमखास होतात. पहिली चूक अशी की, आपण प्रत्येक गोळीमागे टरेट फिरवलात. दुसरी अशी की, 100 यार्डांचे माप आपण 50 मीटरना लावलेत.

पहिल्या चुकीकडे आधी वळू. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, एकाच खुणेवर नेम धरून पाच गोळ्या झाडल्या, तरी त्या पाचही एकाच भोकातून जात नाहीत. त्यांचा एक पुंजका होतो, ज्याला रेंजवर सगळे ग्रुप म्हणतात. काडतुसांतील बारीक फरक, वारा, श्वास आणि चाप ओढणारे बोट या सगळ्यांचा वाटा त्या पसरण्यात असतो. 50 मीटरवर नव्या माणसाचा ग्रुप पाच-सहा सेंटिमीटर रुंद होणे अगदी स्वाभाविक आहे. याचा अर्थ असा की, झिरो बिनचूक असतानाही एखादी गोळी मध्यापासून अडीच-तीन सेंटिमीटर दूर लागू शकते, आणि त्या एका गोळीवरून टरेट फिरवणारा माणूस बरोबर असलेली दुर्बीण स्वतःच्या हाताने बिघडवतो. पुढची गोळी ग्रुपच्या दुसऱ्या काठावर पडली की तो उलट दिशेने बिघडवतो. आपल्या 40 गोळ्या अशाच गेल्या. गोळी एकेकटी काहीही सांगत नाही. जे सांगायचे ते ग्रुप सांगतो. म्हणून आधी गोळ्या एका जागी आणाव्यात, त्या जागेचा आणि मध्याचा संबंध नंतर पाहावा.

आता झिरो करणे म्हणजे नेमके काय, ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. नळी आणि दुर्बीण या दोन वेगळ्या रेषा आहेत. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा साधारण 4 सेंटिमीटर वर असतो. नळीतून बाहेर पडताच गोळी खाली पडू लागते, म्हणून नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असावी लागते. अशा वेळी गोळीचा मार्ग नजरेची रेषा खालून वर ओलांडतो, थोडा वर चढतो आणि पुढे पुन्हा खाली येतो. तो मार्ग आणि नजरेची रेषा आपल्याला हव्या त्या अंतरावर एकत्र आणणे, एवढाच झिरोचा अर्थ आहे. टरेट फिरवल्याने नळी तसूभरही हलत नाही. दुर्बिणीच्या पोटात स्प्रिंगच्या आधाराने बसवलेली एक छोटी नळी असते, ती सरकते आणि तिच्याबरोबर आपल्याला दिसणारी फुली कुठे रोखली आहे ते बदलते. गोळ्या जिथे जात आहेत तिथे नजर नेऊन पोहोचवायची, असे हे काम आहे.

रेंजवर जाण्यापूर्वी घरी अर्धा तास द्यावा. रायफल रिकामी आहे हे बोल्ट उघडून, डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून तपासावे. काडतुसे त्या खोलीतही नसावीत. मग दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू पाहावेत. ते ढिले असतील तर जगातला कोणताही हिशेब जुळणार नाही, आणि फार आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते. बहुतेक रिंगांना सुमारे 2 न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो, मात्र रिंग बनवणाऱ्याने दिलेले माप अखेरचे मानावे आणि स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. डोळ्यापासूनचे अंतरही तेव्हाच ठरवावे. डोळे मिटून, मान न ताणता गाल दस्त्यावर ठेवावा आणि मग डोळे उघडावेत. कडेला काळी चंद्रकोर न दिसता पूर्ण गोल चित्र दिसले, तर दुर्बीण योग्य जागी आहे. बहुतेक दुर्बिणींत हे अंतर 8 ते 10 सेंटिमीटर असते. आपण चष्मा वापरता, म्हणून हे सगळे चष्मा लावूनच करावे, आणि फुली धूसर दिसत असेल तर डोळ्याकडच्या टोकाची कडी फिरवून ती स्पष्ट करून घ्यावी.

फुलीची उभी रेघ खरोखर उभी आहे का, हेही पाहावे लागते, आणि त्यासाठी गवंड्याच्या ओळंब्याइतके चांगले साधन नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओळंबा टांगावा, त्याची दोरी स्थिर होऊ द्यावी, रायफल समतल टेकवावी आणि फुलीची उभी रेघ त्या दोरीवर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बीण रिंगांत हळूच फिरवावी. मुंबईच्या घरात त्या अंतरावर दोरी धूसर दिसेल, परंतु रेघ आणि दोरी यांच्यातील तिरकेपणा तरीही लपत नाही. फुली तिरपी राहिली की ‘वर’ म्हणून दिलेला क्लिक थोडा बाजूलाही सरकवतो, आणि माणूस कारण न सापडता गोंधळत राहतो.

रेंजवर सुरुवात 50 मीटरवर करू नये, 25 मीटरवर करावी. रायफल पुढच्या बाजूला लाकडी दस्त्याखाली वाळूच्या पिशवीवर टेकवावी. नळी कशालाही टेकू देऊ नये, कारण नळीवर दाब आला की गोळीची जागा बदलते. मागे दस्त्याच्या टोकाखाली दुसरी, लहान पिशवी ठेवावी. जुन्या जीन पँटच्या पायाचा तुकडा शिवून त्यात कोरडी, चाळलेली वाळू तीन चतुर्थांश भरली की उत्तम पिशवी होते. डाव्या हाताने ती मागची पिशवी किंचित दाबली की फुली खाली उतरते आणि सैल सोडली की वर चढते. उंचीचा नेम असा पिशवीनेच साधावा, खांद्याच्या जोराने साधू नये.

पहिली गोळी झाडण्याआधी नळीतून पाहून घ्यावे. बोल्टची रायफल असण्याचा हा मोठा फायदा आहे. बोल्ट काढून ठेवावा, पिशव्यांवर रायफल स्थिर करावी आणि मागून नळीच्या पोकळीतून पाहत लक्ष्याचा काळा गोल पोकळीच्या बरोबर मध्यावर आणावा. मग रायफलला धक्का न लावता दुर्बिणीतून पाहावे आणि टरेट फिरवून फुली त्याच गोलावर आणावी. या वेळी एक खबरदारी ठेवावी. टरेटवर ‘वर’ किंवा ‘उजवीकडे’ असा बाण असतो, तो गोळी कुठे सरकेल ते सांगतो. आत दिसणारी फुली मात्र उलट दिशेने सरकताना दिसते, त्यामुळे इथे बाणाकडे लक्ष न देता फुलीकडे पाहावे. एवढे केले की पहिली गोळी निदान कागदावर लागते.

आता पाच गोळ्या झाडाव्यात. पाचही गोळ्यांना नेम तोच, श्वास अर्धा सोडून थांबवलेला, चाप हळूहळू वाढत्या दाबाने ओढलेला. आणि गोळी सुटल्यावरही एक क्षण डोळा फुलीवर टिकलेला. या पाच गोळ्यांच्या दरम्यान टरेटला हात लावायचा नाही, पहिली गोळी कितीही लांब लागली तरी लावायचा नाही. एखाद्या गोळीच्या वेळी आपल्यालाच जाणवले की चाप झटक्याने ओढला गेला, तर ते वहीत लिहून ठेवावे आणि ती गोळी हिशेबातून वगळावी. मात्र हे भोक पाहण्यापूर्वी लिहावे. भोक पाहून मग ‘ही माझीच चूक’ म्हणणे म्हणजे ग्रुप आपल्या मनासारखा करून घेणे आहे.

कागद हातात आला की पेन्सिल आणि पट्टी घ्यावी. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या भोकांच्या मधोमध एक आडवी रेघ, सर्वांत डावीकडच्या आणि उजवीकडच्या भोकांच्या मधोमध एक उभी रेघ; जिथे त्या छेदतात तो ग्रुपचा मध्य. तेथून लक्ष्याच्या मध्यापर्यंतचे अंतर उभे किती आणि आडवे किती, ते मिलिमीटरमध्ये मोजावे.

इथे आपली दुसरी चूक येते. ‘एक क्लिक म्हणजे पाव इंच’ हे माप 100 यार्डांचे आहे. क्लिक हा खरे तर कोन असतो. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि आपल्या दुर्बिणीचा क्लिक त्या मिनिटाचा पाव भाग आहे. तो कोन 100 मीटरवर सुमारे 7.3 मिलिमीटर होतो, 50 मीटरवर त्याच्या निम्मा म्हणजे 3.6 आणि 25 मीटरवर 1.8 मिलिमीटर होतो. आपण 50 मीटरवर प्रत्येक क्लिकला पाव इंच, म्हणजे 6.3 मिलिमीटर धरत होतात, त्यामुळे हवी तेवढी दुरुस्ती कधी होतच नव्हती. समजा 50 मीटरवर ग्रुपचा मध्य 6 सेंटिमीटर खाली आणि 4 सेंटिमीटर डावीकडे आहे. 60 भागिले 3.6 म्हणजे साधारण 17 क्लिक वर, आणि 40 भागिले 3.6 म्हणजे 11 क्लिक उजवीकडे. दुरुस्ती एकदाच, पूर्ण द्यावी. ‘आधी निम्मे देऊन पाहू’ असे केल्याने गोळ्या वाया जातात. काही दुर्बिणींत क्लिक मिलरेडियनच्या (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एका एककाच्या) दहाव्या भागाचा असतो, तो 100 मीटरवर 1 सेंटिमीटर आणि 50 मीटरवर 5 मिलिमीटर धरावा.

त्यानंतर पुन्हा पाच गोळ्या. ग्रुप 25 मीटरवर मध्याच्या एक सेंटिमीटर वर बसला की तिथे थांबावे, कारण .22 ची रायफल 50 मीटरवर झिरो असेल तर 25 मीटरवर ती साधारण तेवढीच वर लागते. मग 50 मीटरवर जावे, पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा पेन्सिल आणि पट्टी. आपण नीट बसलात तर 20 ते 25 गोळ्यांत काम होते. याच झिरोवर 100 मीटरवर नेम धरला, तर साधी, आवाजापेक्षा मंद जाणारी .22 ची गोळी साधारण 20 सेंटिमीटर खाली लागेल. तो दोष समजून दुर्बिणीला हात लावू नये.

आपण दुपारी गेला होतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. वरळीसारख्या समुद्रालगतच्या भागात दुपार चढली की पश्चिमेचे खारे वारे सुटतात. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा .22 च्या गोळीला 50 मीटरवर दोनेक सेंटिमीटर सरकवतो, आणि वारा एकसारखा नसल्यामुळे काही गोळ्या सरकतात, काही सरकत नाहीत. सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. काडतुसे एकाच बनावटीची आणि जमल्यास एकाच लॉटची असावीत. दुसऱ्या बनावटीची घेतली की ग्रुपची जागा बदलते. तेल लावून ठेवलेल्या स्वच्छ नळीतून पहिल्या एक-दोन गोळ्या वेगळ्या जागी जातात, त्या मोजू नयेत. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते : लाकडी दस्ता दमट हवेने फुगतो, नळीवर कुठेतरी टेकू लागतो आणि मे महिन्यात पक्का असलेला झिरो ऑगस्टमध्ये हललेला सापडतो. म्हणून पावसाळा संपला की एकदा पाच गोळ्या झाडून खात्री करावी.

झिरो ही एकदा करून विसरायची गोष्ट नाही, हे मी आग्रहाने सांगतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे ज्या नियमांखाली खेळतो, त्यांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून पाहण्याची साईट असते आणि तिलाही असेच क्लिक असतात. या स्पर्धांत मोजण्याच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी प्रत्येक नेमबाजाला तयारीसाठी 15 मिनिटे मिळतात आणि त्या वेळात तो त्या दिवसाच्या हवेत, त्या दिवसाच्या प्रकाशात आपली साईट पुन्हा जुळवून घेतो.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त न्यूझीलंडमध्ये आहे. तिथे त्याने शस्त्र परवाना घेतला असून मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जाणार आहे. आपल्याकडे शिकारीला बंदी असल्यामुळे मला हे ऐकूनच कसेतरी होते. फोनवर तो म्हणाला की, त्याला रायफल 100 मीटरवर मुद्दाम 5 सेंटिमीटर वर लागेल अशी ठेवायला सांगितले आहे. मुद्दाम चुकीची कशी ठेवायची? आणि मी त्याला काय सांगू?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. न्यूझीलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथली हरणे मूळची तिथली नव्हेत; एकोणिसाव्या शतकात ती बाहेरून आणून सोडली गेली, त्यांना खाणारा कोणताही प्राणी तिथे नाही आणि त्यांच्या चरण्याने तिथली मूळची जंगले खुरटतात. त्यामुळे सरकारी जमिनीवर संवर्धन खात्याचा परवाना घेऊन त्यांची शिकार करता येते.

5 सेंटिमीटर वर ठेवण्यात चूक नाही. .308 सारख्या वेगवान काडतुसाची रायफल 100 मीटरवर साधारण 5 सेंटिमीटर वर लागत असेल, तर ती 200 मीटरच्या आसपास बरोबर मध्यावर आणि 250 मीटरवर दहाएक सेंटिमीटर खाली लागते. हरणाच्या छातीतील मर्माची जागा सुमारे 20 सेंटिमीटरची असते. म्हणजे हरीण 80 मीटरवर उभे असो की 230 मीटरवर, मध्यावर नेम धरला की गोळी त्या जागेतच लागते आणि अंतराचा अंदाज चुकल्यामुळे जनावर जखमी होऊन तडफडत राहत नाही. पण हे कागदावरचे गणित झाले. त्याच्या रायफलीतून, त्याच्या काडतुसांनी 200 मीटरवर गोळ्या कुठे लागतात, हे त्याने रेंजवर स्वतः झाडून पाहिलेले असावे, आणि ते पाहिलेले नसेल तर त्याने 100 मीटरच्या पलीकडे गोळी झाडू नये.

त्याला तीन गोष्टी सांगाव्यात. शिकारीच्या रायफलीची नळी पातळ असते आणि लवकर तापते, म्हणून तीन गोळ्यांनंतर ती हाताला सुसह्य वाटेपर्यंत थांबावे. या रायफलीचा धक्का जोराचा असतो; डोळा दुर्बिणीला चिकटवला तर भुवई फाटते, आणि कानांवर संरक्षण नसेल तर दोन-चार गोळ्यांतच चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागते, जी सुटायला महिने जातात. तिसरी गोष्ट आपण आई म्हणून निक्षून सांगावी. न्यूझीलंडच्या शस्त्र सुरक्षेच्या सात नियमांपैकी एक नियम असा आहे की, समोर काय आहे याची निःसंशय ओळख पटल्याशिवाय गोळी झाडायची नाही. झुडपात काही हलले की ते काय आहे हे पाहण्यासाठी रायफलीवरची दुर्बीण डोळ्याला लावणे म्हणजे माणसावरही बंदूक रोखणे होय. त्यासाठी गळ्यात वेगळी हातातली दुर्बीण असावी आणि रायफल ओळख पटल्यानंतरच उचलावी.

प्रश्न : स्प्रिंगच्या 4.5 मिलिमीटर एअर रायफलीवर मी साधी दुर्बीण लावली. सोसायटीच्या गच्चीवर सराव करतो. तीन महिन्यांत दुर्बिणीतील फुली सैल होऊन फिरू लागली. एवढ्याशा बंदुकीला तर धक्काही नसतो, मग असे का?
— एक विद्यार्थी, बोरिवली

उत्तर : प्रथम गच्चीवरचा सराव आजच बंद करावा. छर्रा शंभर मीटरहून पुढे सहज जातो, कठड्याला लागून कुठेही उडतो, आणि शेजारच्या इमारतीच्या खिडकीत कोण उभे आहे हे आपल्याला दिसत नाही. रेंजवर किंवा मागे छर्रे अडवणारी भक्कम पेटी असलेल्या बंदिस्त जागेत 10 मीटरवर सराव करावा.

स्प्रिंगच्या रायफलीला धक्का असतो, आणि तो दोन्ही दिशांनी असतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा बंदूक मागे येते आणि तो टोकाला जाऊन आदळतो तेव्हा ती पुढे हिसकते. साधी दुर्बीण मागे येणारा धक्का सोसण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून उलट्या हिसक्याने तिच्या आतले भाग सैल होतात. एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेली आणि 10 मीटरवर स्पष्ट दिसणारी दुर्बीण घ्यावी. 10 मीटरवर पाव मिनिटाचा एक क्लिक जेमतेम 0.7 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे छर्ऱ्याच्या एका भोकाएवढे सरकायला सहा क्लिक लागतात. ही रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून झिरो करू नये. पुढचा हात पिशवीवर ठेवून उघड्या तळव्यावर ती नुसती विसावू द्यावी, आणि दर वेळी दस्त्याची तीच जागा तळव्यावर यावी. याच हिसक्यांनी दुर्बीण रिंगांसकट मागे सरकते, म्हणून मागची रिंग रेलच्या (रिंगा बसवायच्या रायफलीवरच्या पट्टीच्या) खाचेत बसणारी अडवणूक पिन असलेली घ्यावी आणि रिंगेच्या कडेला रेलवर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रिंग आणि रेघ यांच्यात फट दिसली की आधी रिंग जागेवर आणून स्क्रू आवळावेत आणि मगच पुढचा ग्रुप झाडावा.